मळ्याच्या दारातला बाजार

नगर-मनमाड रस्त्याने राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर मागे टाकून राहात्याच्या शिवारात शिरले, की हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला पेरूचे ढीग दिसू लागतात. चार बांबू, वर हिरवी जाळी किंवा जुनी ताडपत्री, पुढे बाजेवर रचलेली फळे, शेजारी तिखट-मिठाची वाटी. साईबाबांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या इथे थांबतात, किलो-दोन किलो घेऊन पुढे जातात. यातले काही ढीग व्यापाऱ्यांचे असतात. त्यांनी बाग उक्ती घेतलेली असते. पण बरेच ढीग मागच्याच बागेतले असतात. तिथे पहाटे फळ तोडणारे, निवडणारे आणि दिवसभर बसून विकणारे हात एकाच घरातले असतात.

असा बाजार कोणत्याही सरकारी नकाशावर सापडत नाही. त्याला ओटा नाही, पावती नाही, ठरलेला वार नाही. तरीही अहिल्यानगर जिल्ह्याची शेती समजून घ्यायची असेल, तर आधी इथे थांबावे. पाणी, पीक, भाव, श्रम आणि बियाणे या पाचही गोष्टी या एका बाजेवर मांडलेल्या असतात. या प्रकरणात त्या एकेक करून पाहू.

जवळच्या बाजाराचे फळ वेगळे का लागते

राहात्याच्या पेरूबागांत 'सरदार' हा वाण पूर्वापार लोकप्रिय आहे. शेतकरी त्याला 'लखनौ-४९' किंवा नुसते 'एल-४९' म्हणतात. नाव लखनौचे असले, तरी निवड पुण्याची आहे. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली ती केली. मोठे फळ, पांढरा गर आणि पुरेशी गोडी यांमुळे हा वाण महाराष्ट्रभर पसरला.

पेरू झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतो. त्याचा श्वसनाचा वेग वाढतो, साल हिरवी सोडून पिवळी होते, गर मऊ पडतो, वास सुटतो. साध्या तापमानाला हे सगळे दोन-तीन दिवसांत उरकते. म्हणूनच मुंबईच्या किंवा आणखी दूरच्या बाजाराला जाणारा पेरू कडक आणि हिरवट असतानाच तोडावा लागतो. तोडणी, प्रतवारी, खोक्यात भरणे, रात्रीचा प्रवास, लिलाव, किरकोळ दुकान एवढे टप्पे त्याला पार करायचे असतात. त्यातच त्याचे आयुष्य सरते. बांधावर विकायचा पेरू मात्र आणखी एक-दोन दिवस झाडावर ठेवता येतो, आणि त्या दिवसांत झाडाकडून मिळणारी साखर खोक्यात मिळत नाही. रस्त्याकडेच्या पेरूची चव घरी आणलेल्या पेरूला का येत नाही, याचे कारण यात आहे.

पालेभाज्यांचेही असेच असते. मेथी, पालक, शेपू कापल्याबरोबर पाणी सोडू लागतात आणि उन्हात क जीवनसत्त्वही भराभर घटते. म्हणून माळवं पिकवणाऱ्या घरात दिवस उजाडायच्या आत खुडणी सुरू होते. रात्रीच्या गारव्यात पाने ताठ असतात, त्यांत उष्णता साठलेली नसते. आठ वाजता बांधलेली जुडी आणि पाच वाजता बांधलेली जुडी दुपारपर्यंत ओळखू येतात.

हुरडा: शेतातच खायचे धान्य

काही माल तर असा असतो, की मळ्याच्या दारातला बाजार नसेल, तर तो धडपणे विकताच येत नाही. हुरडा हे त्याचे उत्तम उदाहरण.

नगर, पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा रब्बी ज्वारीचा टापू. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरलेली ज्वारी डिसेंबरच्या शेवटाकडे निसवून भरू लागते. दाणा दुधाळ राहिलेला नाही आणि टणकही झालेला नाही, असा जो थोडा काळ असतो तो हुरड्याचा. त्या दिवसांत दाण्यातली साखर झपाट्याने पिष्टात बदलत असते. कणीस तोडल्यावर तासातासाने गोडी कमी होते आणि दाणा घट्ट होत जातो. त्यामुळे हुरडा पोत्यात भरून शहराला पाठवण्यापेक्षा शहरानेच हुरड्याकडे येणे शहाणपणाचे. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली कणसे तळहातावर चोळायची, पाखडून गरम दाणे पानावर घ्यायचे, सोबत लसणाची किंवा तिळाची चटणी, शेंगदाणे, गूळ, दही. गूळभेंडी आणि सुरती हे हुरड्याचे जुने, नावाजलेले प्रकार. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण खास हुरड्यासाठी दिले.

पूर्वी हुरडा विकला जात नसे. सोयरे-धायरे आणि मित्रमंडळी यांना बोलावणे जाई, परत निघताना पिशवीत वानवळाही पडे. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडची कुटुंबे पैसे देऊन हुरड्याला येऊ लागली आणि कोरडवाहू ज्वारीला नवा ग्राहक मिळाला. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणून अशा पाहुणचाराला व्यवसाय म्हणून मान्यता दिली. ज्वारीचे धान्य विकून एकरी जेवढे हाती येते, त्यापेक्षा हुरड्याच्या चार आठवड्यांत अधिक मिळवता येते. मात्र त्यासाठी घराला स्वयंपाक, साफसफाई, पाहुण्यांची बडदास्त हे सगळे अंगावर घ्यावे लागते.

कुठे काय मिळते, हे पाण्याने ठरवले

१७,०४८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याचे तालुके चौदा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि घाटमाथ्याचा धो-धो पाऊस. पूर्वेला जामखेड-पाथर्डीकडे पर्जन्यछायेतली पठारे. एकाच जिल्ह्यात एका टोकाला भातखाचरे आणि दुसऱ्या टोकाला ज्वारी-तूर दिसते ती यामुळेच.

मधला पट्टा कालव्यांनी बदलला. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या जमिनी उसाखाली आल्या. कोपरगाव-राहात्याला गोदावरीच्या कालव्यांनी पाणी दिले. त्या उसातूनच विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. उसाच्या जोडीला पेरू, डाळिंब, चिकूच्या बागा आल्या. दक्षिणेला श्रीगोंद्यात कुकडी आणि घोडचे पाणी खेळले, तिथे लिंबाच्या बागा वाढल्या. नेवाशाचे घोडेगाव कांद्याच्या उलाढालीसाठी ओळखले जाते.

पाणी नसलेल्या गावांनाही वाट सापडू शकते, हे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दाखवले. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत असे ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके निवडण्याची शिस्त लावली. जास्त पाणी पिणारा ऊस त्यांनी टाळला. चारा, दूध, कांदा, भाजीपाला यांकडे ते वळले. रस्त्याकडेच्या ढिगात आज जे मांडले आहे, ते कोणत्या पाण्यावर उभे आहे, हा प्रश्न म्हणूनच खरेदीदारानेही विचारण्यासारखा आहे.

रुपयातला वाटा

आता भावाकडे वळू. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहक टोमॅटोवर जो एक रुपया खर्च करतो, त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. कांद्यात हा वाटा ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे आहे. द्राक्षात तो ३५ आणि केळीत ३१ पैसे. उरलेले पैसे वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, नासधूस, दुकानभाडे आणि नफा यांत वाटले जातात. माल जितका नाशवंत आणि बाजार जितका लांब, तितका पिकवणाऱ्याचा वाटा आक्रसतो.

या साखळीतले सगळेच लुबाडणारे आहेत, असे समजणे चूक ठरेल. महाराष्ट्राने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा केला, तो सावकार आणि व्यापारी यांच्या खासगी मनमानीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. उघड लिलाव, तपासलेला काटा, हिशेबपट्टी आणि पैशांची हमी ही त्याची देणगी. ट्रकभर कांदा असलेल्या शेतकऱ्याला आजही बाजार समितीशिवाय दुसरी मोठी जागा नाही. पण कालांतराने अनेक ठिकाणी खरेदीदार मोजके राहिले आणि स्पर्धा रोडावली. २०१६ च्या जुलैमध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला समितीच्या आवाराबाहेरच्या नियमनातून मुक्त केला. अडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असे ठरले. त्याच वर्षी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू केले आणि शहरांत शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी जागा मिळू लागल्या. ज्या संताने अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्याचे नाव या कामाला शोभते.

असे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. पंजाबने १९८७ मध्ये 'अपनी मंडी', आंध्र प्रदेशाने १९९९ मध्ये 'रयतू बाजार' आणि तमिळनाडूने त्याच वर्षी 'उळवर संदै' सुरू केले. जपानने १९९३ पासून महामार्गांवर 'मिची-नो-एकी' नावाची थांबास्थाने उभारली. तिथे गाड्यांसाठी वाहनतळ आणि स्वच्छतागृहे असतात, आणि बहुतेक ठिकाणी आसपासच्या शेतकऱ्यांचा ताजा मालही विक्रीला असतो. राहात्याच्या रस्त्यावर जे कुटुंबे ताडपत्रीखाली, धुळीत आणि गाड्यांच्या वेगाला खेटून करतात, तेच जपानमध्ये छताखाली आणि सुरक्षितपणे होते. शिर्डीच्या वाटेवर अशी थांबास्थाने झाली, तर यात्रेकरू आणि शेतकरी दोघांचीही सोय होईल.

बसून विकणे हेही काम आहे

थेट विक्रीचे गोडवे गाताना एक गोष्ट नेहमी सुटते. मधली माणसे गेली, तरी त्यांची कामे जात नाहीत. निवडणे, वाहून नेणे, मांडणे, वजन करणे, उरलेल्या मालाची जबाबदारी घेणे ही सगळी कामे मग घरातल्या माणसांवर येतात.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, बागेत येणारा व्यापारी देतो त्यापेक्षा किलोला २० रुपये जास्त मिळतात म्हणून एक कुटुंब रस्त्यावर बसले आणि दिवसात ६० किलो पेरू विकले. वरचे उत्पन्न झाले १,२०० रुपये. पिशव्या, वाहतूक आणि सायंकाळी उतरत्या भावाने काढलेला माल यांचे ३०० रुपये वजा केले, तर ९०० उरले. दोन माणसे दहा-दहा तास बसली असतील, तर वीस तासांचे हे ९०० रुपये, म्हणजे ताशी ४५. आठ तासांचे ३६० रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे उन्हातान्हात बसून, तोटा झाला तर तो सोसायची तयारी ठेवून, साध्या मजुरीपेक्षा थोडेसेच अधिक पदरात पडते. आता प्रत्येक ग्राहकाने घासाघीस करून किलोमागे १० रुपये कमी केले, तर ६०० रुपये गेले. उरलेल्या ३०० रुपयांत ताशी १५ रुपयेच मिळतात.

हमीभावाची शिफारस करताना कृषी खर्च आणि मूल्य आयोग 'ए२' या खिशातल्या खर्चात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवून 'ए२ + एफएल' हा आकडा काढतो. शेतात राबलेल्या घरच्या हातांना मोल असते, हे तत्त्व यातून मान्य झाले आहे. तेच तत्त्व रस्त्यावरच्या बाजेलाही लागू करायला हवे. शेतकरी कुटुंब स्वतःच्या विक्रीच्या तासांची मजुरी धरत नाही, आणि ग्राहकही धरत नाही. 'घरचाच तर माल आहे' या एका वाक्याखाली दोघेही ते श्रम फुकट समजतात.

यात सर्वांत जास्त झाकला जातो तो बाईचा वाटा. पहाटेची खुडणी, जुड्या बांधणे, दिवसभराची विक्री आणि त्यापुढे घरचा स्वयंपाक हे बहुतेक ठिकाणी तिच्याकडे असते. पण सातबारावर तिचे नाव क्वचितच दिसते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. विक्रीची जागा मात्र तिला एक वेगळी गोष्ट देते: रोजची रोकड तिच्या हातात येते, भाव ती ठरवते, ग्राहक तिला ओळखतो. शेतकरी आठवडे बाजारांत गाळे देताना घरातल्या बाईच्या नावाने ते दिले, तर या ओळखीला कागदाचाही आधार मिळेल.

बाजार जवळ असेल तर वाणही जगतात

लांबच्या बाजाराला जाड सालीची, एकसारख्या आकाराची, दणका सोसणारी फळे-भाज्या लागतात. जो वाण प्रवासात टिकत नाही, तो चवीला कितीही चांगला असला, तरी शेतातून हद्दपार होतो. देशी वाण मागे पडण्याची कारणे अनेक आहेत, पण लांबच्या बाजाराची ही मागणी त्यातले मोठे कारण आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम इथे आठवावे. महादेव कोळी समाजातल्या राहीबाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नाही. वाल, घेवडे, भात, पालेभाज्या आणि वेलवर्गीय भाज्या यांचे गावरान बियाणे त्यांनी घराघरांतून गोळा केले, पेरून वाढवले आणि बायफ या संस्थेच्या साथीने बियाण्यांची बँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले. २०२० मध्ये त्यांना आणि पोपटराव पवारांना एकाच यादीत पद्मश्री जाहीर झाली. दोघेही याच जिल्ह्याचे.

बियाणे मडक्यात जपून ठेवले, तरी ते खऱ्या अर्थाने जगते शेतात आणि ताटात. गावरान घेवडा कोणी विकत घेतला, तरच तो पुढच्या वर्षी पेरला जाईल. म्हणून अकोल्याच्या बाजारात किंवा पावसाळ्यात कृषी विभाग भरवतो त्या रानभाजी महोत्सवात करटुली, अनोळखी पालेभाजी किंवा रंगीत वाल दिसले, तर ते जरूर घ्यावेत. कसे शिजवायचे, हे विकणारी मावशीच सांगते.

जाणार असाल तर

हंगाम पाहून जावे. मृग बहाराचा पेरू हिवाळ्यात उत्तम. हुरडा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, त्याच सुमारास हरभऱ्याचे घाटे आणि बोरे. उन्हाळ्यात कलिंगड, लिंबू आणि साठवणीचा उन्हाळ कांदा. चाळीत तीन-चार महिने टिकवायचा असेल, तर कांद्याची मान बारीक आणि पूर्ण सुकलेली आहे ना, हे पाहून घ्यावे.

ढीग घरच्या बागेतला आहे का, हे ओळखणे अवघड नाही. एक-दोनच प्रकारचा माल, लहान-मोठी मिसळलेली फळे आणि 'बाग कुठे आहे?' या प्रश्नाला बोट दाखवून मिळालेले उत्तर या त्याच्या खुणा. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा. स्वतःचा कच्चा शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न परवाना लागत नाही. लोणचे, मसाला, काकवी अशा तयार मालाच्या छोट्या विक्रेत्यांनी मात्र नोंदणी केलेली असावी लागते, आणि तिचा क्रमांक वेष्टनावर असतो. गाडी रस्ता सोडून पूर्ण आत उभी करावी. बागेत शिरायचे असेल, तर आधी विचारावे, फांदीला हात लावू नये, औषध फवारणी कधी झाली हे विचारायला संकोचू नये. कापडी पिशव्या आणि सुटे पैसे सोबत असावेत.

आणि भाव विचारावा, पटला नाही तर न घेता पुढे जावे, पण घासाघीस करू नये. चार आण्यांसाठी घासाघीस करायची आपली सवय मॉलच्या छापील किमतीपुढे गप्प बसते. ती शेतकऱ्याच्या बाजेपुढेही गप्प बसू द्या. सांगितलेल्या भावात फळाची किंमत असते, तशीच पहाटे उठलेल्या आणि दिवसभर उन्हात बसलेल्या माणसांची मजुरीही असते. ती पूर्ण मोजा. पेरू आवडले, तर विकणाऱ्या कुटुंबाचा फोन नंबर घ्या, पुढच्या हंगामात आधी कळवून या, शेजाऱ्यांनाही सांगा. दरवर्षी परत येणारी दहा ठरलेली घरे मिळाली, तर त्या कुटुंबाला माल विकला जाईल की नाही ही धास्ती कमी होते आणि बाग टिकवायला बळ मिळते. शहरात राहून शेतकऱ्यासाठी करता येण्यासारखे याहून सोपे काम नाही.